पाण्याचे नमुने

गुरुवारी पहाटे चारला वक्रातून निघतो आम्ही,
मी आणि टेकबहादूर.
मागे थंड पेटीत बावीस रिकाम्या बाटल्या,
प्रत्येकीच्या गळ्यात कोरी चिठ्ठी.

काम सोपं आहे.
गुडघाभर पाण्यात जायचं, बाटली उपडी बुडवायची,
वीतभर खाली सुलटी करायची,
झाकण पाण्याच्या आतच लावायचं.
मग चिठ्ठीवर ठिकाण, वेळ, तापमान.
आचऱ्याला फोन केला तेव्हा बाबा हसले,
रापण ओढून चाळीस वर्षं हाताला घट्टे पडलेला माणूस:
"दर्याची चव बघूक बाटली कित्याक रे?
बोट पुरां."

फुवैरितला उन्हाळ्याच्या तोंडावर दोरी बांधतात,
कासवीण अंडी घालायला येते म्हणून.
दोरीपलीकडे माझं ओळखपत्रही चालत नाही.
"तिचा परवाना जुना आहे," पहारेकरी म्हणाला,
आणि स्वतःच माझी बाटली घेऊन
लांबच्या खडकाकडे गेला, भरून आणली.
चिठ्ठीवर मी माझीच सही केली.

झखीरात तिवरं.
चिखलाचा तो वास आला
की मी काच खाली करतो, टेकबहादूर एसी बंद करतो.
काही विचारत नाही.

पश्चिमेला झिक्रीतचं पाणी जड,
पिंडरीवर वाळलं की पांढरी रेघ उरते,
संध्याकाळी खोलीवर नखाने खरवडावी लागते.

आणि शहरातला तो किनारा,
छत्र्या, फुगे, पाटी: फक्त कुटुंबांसाठी.
एरवी गेटवरूनच परतलो असतो.
पण हातात बाटली दिसली की आत सोडतात.
बाटली हेच आमचं कुटुंब,
टेकबहादूर म्हणतो,
आणि दोन्ही हातांनी तिला धरून चालतो
बारशाला निघाल्यासारखा.

एकविसावी झाली की दक्षिणेला.
रस्ता संपतो तिथे टायरमधली हवा पंधरावर आणायची,
मग टेकडीमागून टेकडी वाळूची,
गाडी होडीसारखी नाक वर काढते, आपटते,
पोटात कालवतं,
आणि एका उतारावर, काही न सांगता, पाणी.
वाळवंटात शिरून बसलेला समुद्र.
लाट नाही. मासेमार नाही.
पलीकडे दुसरा देश,
इतका जवळ की मोबाईलवर
त्याच्या स्वागताचा मेसेज येतो.

फॉर्मवर दोनच चौकोन: किनारा, अंतर्गत.
मी दर वेळी दोन्हींमधल्या रेघेवर खूण करतो.
कोणी अजून परत पाठवलेला नाही.

त्या दिवशी टेकबहादूरने डॅशबोर्डवरून,
अत्तराच्या बाटलीमागून काढला
चिंचोक्याएवढा काळा दगड.
शाळिग्राम.
काली गंडकीच्या काठचा, आमाने दिलेला.
"दाइ, बाकीच्यांना मी सांगत नाही," तो म्हणाला,
"शाळेत मास्तर म्हणायचे, हा आधी किडा होता. समुद्रातला.
आमच्या डोंगरावर समुद्र होता म्हणे.
आम्ही हसायचो. मी तर सत्ताविसाव्या वर्षी
पहिल्यांदा समुद्र पाहिला,
तोही विमानाच्या खिडकीतून, रात्रीचा, काळा."

पँट दुमडली. गुडघाभर गेला.
दगड मुठीत धरून, उपडा, वीतभर खाली,
तिथेच मूठ सुलटी केली.
मी जसं शिकवलं होतं तसंच.

किती वेळ, ते चिठ्ठीवर लिहिलं नाही.

बाविसावी बाटली मी
त्याच्यापासून दहा पावलं दूर भरली,
नियम आहे, पाणी ढवळलेलं चालत नाही.
तापमान एकतीस.
परतताना दोघंही गप्प,
दगड पुन्हा अत्तरामागे, ओला.

पुढच्या आठवड्यात अहवाल आला.
बावीसही ठिकाणं पोहण्यास योग्य.
डॅशबोर्डच्या काळ्या प्लास्टिकवर
मिठाचं एक गोल वळं उमटलंय, नाण्याएवढं.
गाडी धुणारा पोऱ्या दर शुक्रवारी
फडकं घेऊन तिथवर येतो,
टेकबहादूर त्याचा हात हळूच बाजूला करतो.